दर ऑगस्टला नवा मॅडन घ्यायचाच का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकन फुटबॉलच्या गेमबद्दल जाताजाता दोन ओळी लिहिल्या होत्या आणि पत्रं-मेसेज एवढे आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. नागपुरात हा खेळ कोण बघतं बाप्पा, असं वाटायचं, पण मिहानमधे अमेरिकन क्लायंटची कामं करणारी पोरं, तिकडे लेक-सुना असलेले आजी-आजोबा आणि क्रिकेटच्या गेमचा कंटाळा आलेली मंडळी, बरीच निघाली की. बहुतेकांचं विचारणं घुमूनफिरून एकच, की मॅडन, म्हंजे ईए कंपनीचा तो अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम, दरवर्षी नवा येतो तर तो दरवर्षी घ्यावा का. पत्रं थोडी कापलीत, नावं काढून फक्त राहायची जागा ठेवलीये.

प्रश्न : दादा, मी मिहानमधे एका आयटी कंपनीत आहे. आमची टीम अमेरिकेच्या वेळेत काम करते आणि सोमवारच्या कॉलवर सुरुवातीला तिकडचे लोक नुसतं फुटबॉलच बोलत असतात, आपण आपले म्यूटवर. खेळ समजावा म्हणून पीसीवर मॅडन एनएफएल २४ घेतला आणि खरं सांगतो लतच लागली. मग २५ आला, तो नाही घेतला, आता २६ आलाय. रूममेट म्हणतो हे म्हंजे दर उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या बदलायच्या आणि पैसे नव्या कूलरचे द्यायचे. खरंच काही फरक असतो का की मी येडा बनतोय? (मनीषनगर)

उत्तर : रूममेट हुशार आहे तुमचा, पण बोलला अर्धंच. ताट्या बदलल्याशिवाय मे महिन्यात कूलर गार हवा देत नाही हेही खरं आहे ना भाऊ.

एनएफएलचा, म्हंजे तिकडच्या फुटबॉल लीगचा सीझन सप्टेंबरला सुरू होतो आणि फेब्रुवारीत सुपर बोलला, म्हंजे फायनलला संपतो, आणि मधल्या महिन्यांत ३२ टीममधे जी उलथापालथ होते ती आपल्या आयपीएलच्या लिलावापेक्षा कमी नसते. मार्चमधे करार संपलेले खेळाडू इकडचे तिकडे, एप्रिलमधे ड्राफ्ट म्हंजे कॉलेजातली नवी पोरं टीमा एकेक करून निवडतात, कोच बदलतात, एखाद्या वर्षी नियमच बदलतो (२०२४ ला किकऑफची पद्धतच नवी आणली). २०२० चंच घ्या. टॉम ब्रेडी वीस वर्षं न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे काढून टॅम्पा बेला गेला, रेडर्सनी ओकलंड सोडून लास वेगस गाठलं, आणि वॉशिंग्टनच्या टीमने ऐन जुलैमधे आपलं जुनं नावच टाकून दिलं, तिकडे गेम ऑगस्टमधे दुकानात यायचा होता. आता ज्याने त्या वर्षी आदल्या सालचा मॅडन २० च चालू ठेवला त्याच्या पडद्यावर ब्रेडी अजून पेट्रियट्सच्याच जर्सीत, रेडर्स ओकलंडातच. टीव्हीवर एक आणि हातात एक, मग मजा नाही येत हे मी पण मानतो.

पण गंमत पुढे आहे. गेममधे प्रत्येक खेळाडूला ९९ पर्यंत रेटिंग असतं, वेग किती, पकड किती, डोकं किती चालतं वगैरे, आणि सीझन चालू असताना हे रेटिंग आणि टीमांच्या याद्या नियमित, फुकटात अपडेट होत असतात. कोणी रविवारी फाडून खेळला की पुढच्या अपडेटमधे त्याचा नंबर वर. म्हंजे नुसती यादी बदलायला नवा गेम लागतच नाही हे कंपनी स्वतःच दाखवून देते! सीझन संपला की ही सोय थंडावते आणि ऑगस्टला तीच नव्या आकड्याखाली पूर्ण किमतीत समोर येते. म्हणून जो माणूस फक्त नव्या टीमा पाहिजेत म्हणून नवा मॅडन घेतो त्याला मी सरळ सांगतो, नको घेऊ बे. ऑफलाइन खेळत असशील तर एक संध्याकाळ बसून ठळक खेळाडू हाताने इकडून तिकडे हलवता येतात, आणि ज्यांना तेवढाही कंटाळा आहे त्यांच्यासाठी इतर खेळणाऱ्यांनी बनवलेली रोस्टर, म्हंजे टीमांच्या तयार याद्या, गेममधूनच डाउनलोड करता येतात.

आता खुद्द कूलरबद्दल. तो बदलतो, पण दरवर्षी नाही. खेळाडू एकमेकांवर आदळल्यावर ठरलेलं अॅनिमेशन न दाखवता खरोखर फिजिक्सप्रमाणे पडतील ही सुधारणा आली २०१२ च्या मॅडन १३ मधे. २०१७ च्या मॅडन १८ ला अख्खं इंजिन बदलून फ्रॉस्टबाइट केलं. मधल्या वर्षांत काय, एखादा मोड नवा, एखादा काढला, मेनूचा रंग बदलला, टॅकलिंगला नवं नाव दिलं. नवं नाव देण्यात तर हे लोक पटाईत आहेत, दर ऑगस्टला एखादी सेन्स नाहीतर टेक निघतेच, आणि पुढच्या ऑगस्टला त्या नावाचा कोणी उच्चार करत नाही.

पीसीवाल्यांची गोष्ट त्यातही वेगळी. मॅडन ०८ नंतर पीसीवर हा गेम यायचाच बंद झाला तो थेट २०१८ ला मॅडन १९ पासून परत आला, आणि पुढे २२ आणि २३ मधे पीसीला जुन्या कन्सोलचीच आवृत्ती दिली, पैसे मात्र घेतले. २४ ला पहिल्यांदा पीसीवर पीएस५ च्या तोडीचा गेम मिळाला आणि प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, पीसी यांच्यात क्रॉसप्ले, म्हंजे वेगवेगळ्या मशीनवरून एकमेकांशी खेळायची सोय, पण आला. तुम्ही नेमकी तिथूनच सुरुवात केलीत म्हंजे नशीब चांगलं. २५ सोडला तेही बरं केलं. २६ मधे फ्रँचाइज मोडला, म्हंजे जिथे आपण एक टीम घेऊन वर्षानुवर्षं चालवतो, बऱ्यापैकी काम झालंय : प्रत्येक कोचची आणि क्वार्टरबॅकची (पास टाकणारा मुख्य खेळाडू) खेळायची आपली पद्धत असते, आणि खेळाडूला मार बसत गेला की त्या-त्या अवयवाची झीज जमा होत जाते, एकाच रनिंगबॅकला, म्हंजे बॉल घेऊन पळणाऱ्याला, सतत पळवलं की तो चौथ्या, म्हंजे शेवटच्या क्वार्टरला ढेपाळतो. फ्रँचाइज खेळत असाल तर २४ वरून २६ वर जायला हरकत नाही. रात्री ऑफिसहून येऊन नुसत्या दोन झटपट मॅच खेळून झोपत असाल तर २४ अजून दोन वर्षं खुशाल चालवा, तुम्हाला काही कमी पडणार नाही.

मग हे असं का, दुसऱ्या कुणाचा गेम का नाही, हे तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो कारण सगळ्याची मुळं तिथे आहेत. २००४ मधे सेगा आणि टेक-टूने ईएसपीएन एनएफएल २के५ नावाचा गेम काढला, आणि काढला तो फक्त २० डॉलरला. मॅडन तेव्हा ५० ला होता. गेम स्वस्तातला होता पण हलका नव्हता, आजही जुनेजाणते त्याचं नाव काढतात. मॅडनला आपली किंमत ३० वर आणावी लागली. म्हंजे स्पर्धा असली की काय होतं ते एका सीझनमधे दिसलं सगळ्यांना. त्याच डिसेंबरमधे ईएने एनएफएल आणि खेळाडूंच्या संघटनेशी एक्सक्लुझिव्ह करार केला, खरी टीम, खरे खेळाडू, खरं स्टेडियम वापरून असा सिम्युलेशन गेम आता फक्त ईएच बनवणार. तो करार वाढवत वाढवत आजपर्यंत आणलाय. यावर अमेरिकेत ग्राहकांनी २००८ मधे खटलाही भरला होता, २०१२ मधे कंपनीने २.७ कोटी डॉलरवर समझोता केला, पण एनएफएलचा करार जिथल्या तिथे राहिला. वीस वर्षं दुसरं दुकानच नाही तर दुकानदार कशाला घाम गाळेल हो.

एवढं मात्र खरं की अगदीच ओरडा झाला तर ऐकावं लागतं. २०२० ला मॅडन २१ यायच्या आधी दाखवलेल्या माहितीत फ्रँचाइज मोडसाठी जवळजवळ काहीच नव्हतं, तेव्हा लोकांनी ट्विटरवर 'फिक्स मॅडन फ्रँचाइज' असा हॅशटॅग चालवला, आणि कंपनीने मग गेम निघाल्यावर त्या मोडसाठी फुकट अपडेट दिले. तारीख मात्र हलवत नाहीत कधी. बनवणाऱ्या इंजिनिअरांबद्दल मला वाईट वाटतं खरं तर, सीझन ठरलेला, ऑगस्ट ठरलेला, काम अर्धवट असलं तरी डबा बाहेर पडणारच, आणि शिव्या पण त्यांनाच. एकदा प्लेस्टेशनपुरतं वर्ष चुकलं होतं, १९९५ ला, गेम जमला नाही म्हणून रद्द केला आणि सोनीच्या गेमडे नावाच्या फुटबॉल गेमने ती जागा पटकावली. तो चटका ते विसरले नसावेत.

घ्यायचाच ठरला तर ऑगस्टमधे घेऊ नका. सुरुवातीचे दुरुस्तीचे पॅच येईपर्यंत बग तुम्हीच शोधून देणार आणि पैसे पण तुम्हीच देणार, हे कशाला. दिवाळीनंतरच्या सेलपासून किंमत उतरायला लागते, आणि सुपर बोलच्या आसपास साधारण तो ईए प्लेच्या सबस्क्रिप्शनमधेच येऊन पडतो. तेवढी वाट बघवत नसेल तर ईए प्लेचा एक महिना घ्या, त्यात नव्या गेमची दहा तासांची ट्रायल मिळते. दहा तासांत मनाला कळतं की हात शिवशिवतायत का नुसतं डोकं.

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझा मुलगा नववीत आहे, हा मॅडन गेम त्याला त्याच्या मावसभावाने शिकवला. आधी गेम घेऊन दिला, ठीक आहे म्हटलं, वाढदिवस होता. आता गेममधे पॅक घ्यायचे म्हणून पैसे मागतो, आणि मागच्या महिन्यात बँकेचे मेसेज नीट पाहिले तर थोडे थोडे करून बरेच गेलेले, कार्ड कन्सोलमधे सेव्ह होतं. विचारलं तर म्हणतो सगळे घेतात, नाही घेतलं तर हरतो. गेम विकत घेतल्यावर परत पैसे कशाचे? (खामला)

उत्तर : ताई, रागवा पण गेम फेकू नका, कारण त्रास गेमचा नाही, गेममधल्या एका खोलीचा आहे.

त्या मोडचं नाव अल्टिमेट टीम. तिथे खेळाडू म्हंजे पत्ते. पत्ते पॅकमधून निघतात. पॅक उघडताना काय होतं ते एकदा पोराच्या शेजारी बसून बघा : पडदा काळा होतो, दिवे लागतात, पाकीट हलतं, पत्ते उलटे पडलेले, मग एकेक पत्ता सरळ होत जातो आणि चांगला निघणार असेल तर आधीच रंग चमकतो, छाती धडधडते, आणि दहातल्या नऊ वेळा निघतो कोणीतरी भलताच, जो त्याच्याकडे आधीच होता. हे असं मुद्दामच बनवलेलं असतं. खेळून पण पॅक मिळतात, पण हळूहळू, आणि ज्याने पैसे टाकले त्याची टीम दोन दिवसांत तगडी. तुमचा मुलगा खोटं बोलत नाहीये, पैसेवाल्यासमोर तो खरंच हरतो. हा प्रकार ईएने आधी फिफाच्या गेममधे २००९ ला आणला आणि लगेच पुढच्या वर्षी मॅडनमधे. आज त्या कंपनीच्या कमाईतला निम्म्याहून मोठा वाटा गेमच्या विक्रीतून नाही तर गेम विकल्यानंतरच्या अशा विक्रीतून येतो. बेल्जियमने २०१८ मधे असल्या बंद पाकिटांना जुगारच ठरवलं, आणि कंपनीने तिथे पॅक घ्यायला लागणारे फिफाचे पॉइंट विकणं बंद केलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे पोराला बहुतेक कोणी सांगितलंच नसेल : पुढच्या ऑगस्टला नवा मॅडन आला की ही पत्त्यांची टीम त्यात जात नाही. शून्यापासून परत. जुन्या गेममधे ते पत्ते काही काळ दिसतील, पण खेळायला समोर माणसं नसतील, आणि काही वर्षांनी कंपनी जुन्या गेमचे सर्व्हरच बंद करते. म्हंजे तुम्ही दिलेले पैसे ते खरेदीचे नव्हतेच, वर्षाचं भाडं होतं. दरवर्षी नवा गेम काढायचं सगळ्यात मोठं कारण मला विचाराल तर हेच आहे, टीमा बदलल्या नसत्या तरी पत्ते शून्यावर आणायला नवा आकडा लागलाच असता.

करायचं काय तर आजच कार्ड काढून टाका कन्सोलमधून. प्लेस्टेशन असो की एक्सबॉक्स, दोन्हीकडे फॅमिली सेटिंगमधे मुलाचं खातं वेगळं करून महिन्याचा खर्च शून्य ठेवता येतो, किंवा खरेदीआधी तुमची परवानगी लागेल असं करता येतं. मग त्याच्याबरोबर बसून पॅकवरची माहिती उघडा, चांगला पत्ता निघायची शक्यता टक्क्यांत लिहिलेली असते, ती त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. नववीत आहे, टक्केवारी येते त्याला. आणि फ्रँचाइज मोड उघडून द्या, तिथे टीम बांधायला पैसे लागत नाहीत, डोकं लागतं, आणि तिथे त्याला वेळेचंच बंधन घालावं लागेल हे आत्ताच सांगून ठेवतो.

प्रश्न : बर्डीवरच्या एका दुकानात सेकंडहँड मॅडन एनएफएल २५ मिळाला, एकदम स्वस्त. घरी आणून बघतो तर एक्सबॉक्स ३६० ची डिस्क. दुकानदार म्हणतो २५ लिहिलंय ना मग २५ च दिलाय. फसवलं का मला? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : फसवलं, पण खोटं नाही बोलला तो! मॅडन एनएफएल २५ नावाचे दोन गेम आहेत. पहिला २०१३ चा, मालिकेला २५ वर्षं झाली म्हणून खरं तर तो १४ असायचा त्याला २५ म्हटलं, आणि पुढच्या वर्षी गुपचूप १५ वर परत आले. मग २०२४ ला मोजत मोजत खरा २५ आला आणि तेव्हा कोणाला काही आठवलं नाही वाटतं. मुखपृष्ठावर ख्रिश्चन मॅकॅफ्री असेल तर नवा, आणि डब्याच्या मागे साल छापलेलं असतं ते बघायचं. स्पोर्ट्सचा गेम सेकंडहँड घेताना मी तर आधी मागची बाजूच बघतो. ३६० असेल कोणाकडे तर खेळून टाका, वाईट नाही तो.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या वेळी सगळे क्रिकेट ०७ खेळायचो, आणि त्यात दरवर्षी कोणीतरी नवा आयपीएलचा पॅच पेनड्राइव्हवर घेऊन यायचा, नव्या जर्सी, नवे खेळाडू, सगळं फुकट. एक रुपया नाही दिला कोणाला आणि दहा वर्षं खेळलो. मॅडनचं तसं का नाही होत? आणि जगात दरवर्षी गेम काढायची पद्धत बंद केली असं कोणी आहे का? (धरमपेठ)

उत्तर : काय आठवण काढली राजेहो. क्रिकेट ०७ आला २००६ च्या शेवटी. आयपीएल सुरू झालं २००८ ला, कोहली भारताकडून पहिल्यांदा खेळला तोही २००८ ला. म्हंजे मूळ गेममधे ना आयपीएल होतं ना कोहली, आणि तरी आपल्यातल्या निम्म्या लोकांनी कोहलीला पहिल्यांदा त्याच गेममधे शतक मारायला लावलं. ईएने त्यानंतर क्रिकेटचा गेमच काढला नाही म्हणून तो एक गेम लोकांनीच जिवंत ठेवला. अगदी तसंच एनएफएल २के५ चं आहे, करारामुळे पुढचा भाग येऊच शकला नाही, तर तिकडचे चाहते २००४ च्या त्या गेममधे आजही चालू सालची रोस्टरं भरून खेळतात. यात एक विचित्र गोष्ट आहे बघा, जो गेम दरवर्षी येत नाही तोच लोक दहा-वीस वर्षं सांभाळतात, आणि जो दरवर्षी येतो तो पुढच्या दिवाळीत दोनशे रुपयांच्या ढिगात.

मॅडनच्या पीसी आवृत्तीला मॉड करणारे आहेत, जर्सी, चेहरे, रोस्टर सगळं बदलतात, पण गेम आतून बराच बंद ठेवलेला असल्याने क्रिकेट ०७ सारखी एक फाइल टाकली की झालं असं नाही. आणि मॉड टाकलेला गेम घेऊन ऑनलाइन जाऊ नका, खातं उडालं तर मला पत्र पाठवू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, आहेत की. कोनामीने २०२० ला फुटबॉलचा, म्हंजे आपल्या फुटबॉलचा, नवा पेस पूर्ण न बनवता आदल्या गेमलाच सीझन अपडेट म्हणून ३० डॉलरला विकला, सरळ नावातच सांगून, आणि पुढच्या वर्षीपासून गेम फुकटच करून टाकला (तो सुरुवातीला इतका खराब निघाला की हसू नको म्हटलं तरी हसायला यायचं, पण तो विषय वेगळा). २०१९ चा डब्ल्यूडब्ल्यूई २के२० एवढ्या बगने भरलेला होता की पैलवानांचे चेहरे वितळल्यासारखे दिसायचे, तर टूकेने पुढच्या वर्षीचा भाग सोडूनच दिला, थेट मार्च २०२२ ला २के२२ आणला आणि तो बराच सुधारलेला होता. आणि ऐका, स्वतः ईएने फॉर्म्युला वनच्या बाबतीत २०२६ साठी नवा गेम नाही, एफ१ २५ लाच पैसे देऊन घ्यायचं एक्सपान्शन येणार असं जाहीर केलं. म्हंजे जमतं. मॅडनमधे करत नाहीत याचं कारण वर खामल्याच्या ताईंना सांगितलंय तेच.

प्रश्न : मॅडनच्या मुखपृष्ठावर जो येतो तो जखमी होतो म्हणे, खरं का? (सदर)

उत्तर : मायकल विक २००३ ला मुखपृष्ठावर आला आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच पाय मोडून बसला, तेव्हापासून ही बोंब जास्त. पण पॅट्रिक माहोम्स मॅडन २० वर आला, गुडघा सरकला, दोन-तीन आठवड्यांत परत आला आणि त्याच सीझनला सुपर बोल जिंकला. टॉम ब्रेडी मॅडन १८ वर होता आणि त्या वर्षी लीगचा एमव्हीपी, म्हंजे सर्वोत्तम खेळाडू, झाला. या खेळात कोणीही, कधीही जखमी होतं हो, मुखपृष्ठ असो नसो.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त आहे, वय एकाहत्तर. नातू न्यू जर्सीला, दहा वर्षांचा, त्याच्याकडे पीएस५ आहे आणि व्हिडिओ कॉलवर तो हा मॅडनच दाखवत बसतो. मुलगा इथे जुना पीएस४ ठेवून गेलाय. मला त्याच्याबरोबर इथून खेळता येईल का? आणि हा मॅडन म्हणजे खेळाडू आहे का कोण? (प्रतापनगर)

उत्तर : काका, तुमचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं.

मॅडन म्हणजे जॉन मॅडन, ओकलंड रेडर्सचे कोच, १९७७ च्या जानेवारीत सुपर बोल जिंकलेले, आणि नंतर कित्येक वर्षं टीव्हीवर कॉमेंट्री करणारे, आवाजाने भारी माणूस. १९८४ ला ईएचे ट्रिप हॉकिन्स त्यांच्याकडे गेले, म्हणाले कॉम्प्युटरला झेपत नाही तर एका बाजूला सहा-सात खेळाडूंचाच गेम करू. मॅडन म्हणाले अकरा विरुद्ध अकरा नसेल तर तो फुटबॉलच नाही, माझं नाव लावू नका. मग चार वर्षं लागली, १९८८ ला गेम आला, अॅपल टू वर. हट्टाचं फळ बघा. २०२१ च्या डिसेंबरमधे ते गेले आणि पुढच्या वर्षीच्या मॅडन २३ वर परत त्यांचाच फोटो लावला.

आता तुमचं काम. ऑनलाइन एकत्र खेळायचं तर दोघांकडे एकाच सालचा गेम लागतो, हा एकच माणूस असा की ज्याला मी सांगेन, नातवाकडे जो आहे तोच घ्या, सेलबिलची वाट बघू नका. पण अडचण अशी आहे की मॅडन २६ पीएस४ वर येतच नाही. आणि २४ किंवा २५ घेतला तरी पीएस४ ची आवृत्ती आणि पीएस५ ची आवृत्ती एकमेकांशी खेळत नाहीत, क्रॉसप्ले फक्त नव्या कन्सोलपुरता. तेव्हा सोपा मार्ग हा : मॅडन २५ घ्या पीएस४ वर (२०२४ चा हं, वर त्रिमूर्तीनगरचं पत्र वाचा), आणि नातवाच्या आईबाबांना सांगा की पीएस५ वर पीएस४ ची आवृत्ती चालते, त्यांनी तीच लावावी. दोन्हीकडे प्लेस्टेशन प्लस, म्हंजे ऑनलाइन खेळायचं सोनीचं सबस्क्रिप्शन, लागेल. बटण दाबल्यावर खेळाडू जरा उशिरा हलेल, नागपूर ते न्यू जर्सी अंतरच तेवढं आहे, त्याला इलाज नाही. वायफायऐवजी वायर लावली तर थोडं बरं.

वेळ रविवारी सकाळी सातची ठेवा. तिकडे शनिवारची रात्र असते, उन्हाळ्यात साडेनऊ, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साडेआठ, म्हंजे हिवाळ्यात पोराला झोपायच्या आधी एक तास जास्त मिळतो.

नियमांचं टेन्शन घेऊ नका. चार प्रयत्न, म्हंजे चार डाउन, त्यात दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर परत नवे चार. टोकाला पोचलात की टचडाउन, ६ पॉइंट, वर एक किक मारून १. जवळ आलात पण पुढे जमत नाही तर लाथ मारून खांबांमधून, ३ पॉइंट. सुरुवातीला पास टाकायच्या भानगडीत पडू नका, मधोमध पळवा, तीन-तीन यार्ड मिळाले तरी पुष्कळ, दहा वर्षांची पोरं प्रत्येक वेळी लांबचा पास टाकायला बघतात आणि बॉल तुमच्या माणसाच्या हातात देतात. चौथा डाउन आला आणि सात-आठ यार्ड बाकी असले की पंट करा, म्हंजे लाथ मारून बॉल लांब त्याच्याकडे पाठवून द्या, तो कितीही चिडवू दे. आणि क्वार्टर पाच मिनिटांचा ठेवा सेटिंगमधून, नाहीतर पोह्यांची वेळ टळून जाईल.